विघ्नांचा रियाज

खोली दाखवायच्या आधी बाईंनी मला एकच गोष्ट विचारली होती. "तुले खोकता येते का?"

मी मौद्याकडच्या एका खेड्यातून नुकताच नागपुरात आलो होतो. सदरमधल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो, आणि घरमालकीण म्हणजे जात कोणती, मटण शिजवता का, मित्रमंडळी येतात का असलं काहीतरी विचारणार या तयारीनं पत्र्याची ट्रंक धरून दारात उभा होतो. खोकल्याची तयारी नव्हती. मला वाटलं, बाईंना क्षयाची शंका असावी. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही बाई, मले खोकला-बिकला काही नाही." बाईंचा चेहरा पडला.

"येत नसन तर शिकून घेजो," त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

हे सत्तरच्या दशकातलं. नेमकं साल आता मला सांगता येणार नाही, आणि सांगायचा आग्रहही नाही. त्या घरातली वर्षं माझ्या मनात एकापुढे एक उभी नाहीतच, ती सगळी मिळून एक लांबलचक दुपार झाली आहेत. आठवायला बसलो की आधी ओल्या वाळ्याचा वास येतो, मग कूलरच्या पाण्याची टपटप ऐकू येते, मग भिंतीपलीकडून तानपुरा सुरू होतो आणि मी जागा आहे की झोपलो आहे हे कळेनासं होतं. तेव्हाही कळायचं नाही. रविवारी जेवून आडवा झालो की तानपुरा माझ्या स्वप्नात शिरायचा आणि स्वप्नातल्या माणसांच्या मागे वाजत राहायचा. आमच्या गावचा पाटील स्वप्नात येऊन ओरडायचा तोसुद्धा सुरात.

घर गोकुळपेठेच्या मागच्या अंगाला होतं. बैठं, कौलारू, पुढे कडुनिंब. पुढच्या दोन खोल्यांत बाई, मागच्या एकीत मी. बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या आणि संध्याकाळी घरी पाच-सहा मुली शिकायला यायच्या. बाईंनी लग्न केलं नव्हतं. उंच होत्या, सावळ्या होत्या, आणि चालताना उजवा हात नेहमी जरा पुढे असायचा, अंधारात दार चाचपडताना असतो तसा. मी ते पाहिलं तेव्हा हसलो होतो.

खोकल्याचा उलगडा पहिल्याच गुरुवारी झाला. संध्याकाळी कचेरीतून आलो तर पुढच्या खोलीत मंडळी जमलेली. शेजारच्या काकू खलबत्ता घेऊन उंबऱ्यात बसलेल्या. दोन मुली दिव्याच्या बटणाजवळ उभ्या. तबल्यावर मास्तर. हे मास्तर दिवसा इतवारीत मसाल्याच्या दुकानात काम करायचे, त्यामुळे त्यांच्या तबल्याची चामड्याची पुडी कायम हळदीसारखी पिवळी असायची आणि त्यांनी जोरात थाप मारली की समोरच्याला शिंक यायची. मधोमध बाई, डोळे मिटून, तानपुरा लावून.

"तू तिथं बस," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मी आलाप चढवला का खोकलजो."

"काहून बाई?"

"खोकलजो म्हटलं न."

बाईंनी आलाप सुरू केला. मला गाण्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं, पण त्या वरच्या सुराकडे निघाल्या आहेत आणि तिथं पोचल्या की काहीतरी चांगलं होणार आहे एवढं मलाही कळत होतं. नेमक्या त्याच वेळी काकूंनी मिरच्या कुटायला घेतल्या, मास्तरांनी मुद्दाम एक मात्रा खाल्ली, एका मुलीनं फट्‌कन दिवा घालवला, आणि मी भीत भीत खोकलो. बाई हलल्या नाहीत. अंधारात, मिरच्यांच्या ठसक्यात, बाई त्या सुरावर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथंच राहिल्या. दिवा लागला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते मिरच्यांमुळे असं मी त्या वेळी धरून चाललो.

हा विघ्नांचा रियाज. दर गुरुवारी असायचा. बाकी दिवस मुलींच्या शिकवणीचे आणि साध्या मेहनतीचे, पण गुरुवार फक्त बिघडण्याचा. दूधवाल्याला बाईंनी सांगून ठेवलेलं असायचं की मी डोळे मिटले का आत येऊन उद्याचं दूध किती ते विचारजो. कोणी तानपुऱ्याची खुंटी हळूच सैल करायचं. एकदा बाईंनी पलीकडच्या गल्लीतून एक बकरी आणवली. त्या बकरीनं मात्र निराशा केली. तिनं भीमपलास सुरू होताच पाय दुमडले आणि संपेपर्यंत ती शांत झोपली. "हिच्यापेक्षा तू बरा," बाई मला म्हणाल्या. माझ्या आयुष्यातल्या कौतुकांत हे मी वरच धरतो.

मी खोकण्यात तयार होत गेलो. बाईंनी मला खोकल्याचे प्रकार शिकवले. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांचा दबलेला खोकला. मागे बसलेल्या, विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा लांब खोकला. ज्याला गाणं आवडलेलं नाही आणि ते कळवायचं आहे अशा माणसाचा कोरडा खोकला. हा शेवटचा मला फार जमायचा. बराच वेळ काही बिघडलं नाही तर बाई गाता गाता डावी भुवई जरा वर उचलायच्या. ती वर गेली की समजायचं, खोक.

"पण कशासाठी हे सारं?" एकदा मी विचारलं. बाई वडाभात वाढत होत्या. त्या विघ्नांना गुरुवारी जेवायला घालायच्या.

"गाण्याची मेहनत सारेच करते," बाई म्हणाल्या. "बिघडल्यावर काय कराचं याची मेहनत कोणी करते का? नाई करत. मंग ऐन टायमाले बिघडते आणि म्हणते, नशीब खोटं. अरे, नशिबाचीबी तालीम कराव लागते."

"नशिबाची कशी तालीम होईन बाई?"

"होऊन नाई राहिली का? तू काय करून राहिला मंग गुरुवारी?"

मी भातावर तेल ओतून घेतलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती. ती बाईंनी मला इतक्यांदा सांगितली की आता मला वाटतं मी तिथं होतो. बाई विशीच्या आतबाहेर असताना नागपुरात गाण्याचा एक मोठा जलसा झाला होता. नव्या गाणाऱ्यांसाठी त्यात एक संध्याकाळ ठेवली होती. बाई आणि त्यांची एक मैत्रीण, दोघी एकाच गुरुजींकडे शिकणाऱ्या, एकामागोमाग एक गाणार होत्या. आधी बाई. ऐकायला मुंबईचा कोणी रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा माणूस आला होता. बाईंचं गाणं रंगात आलं आणि लाईट गेली. सगळा मंडप काळोखात. बाई थांबल्या. आत्ता येईल, मग येईल, म्हणून थांबून राहिल्या. लाईट आली तेव्हा व्यवस्थापक घड्याळ दाखवत उभा होता. बाईंना उठावं लागलं आणि मैत्रीण बसली. ती पूर्ण गायली. त्या माणसानं तिला मुंबईला बोलावलं. पुढे ती मोठी झाली, फारच मोठी झाली. तिच्या रेकॉर्ड निघाल्या, रेडिओवर तिची गाणी लागायला लागली, आणि आमच्या बाई शाळेत पोरींना स्वागतगीत शिकवत राहिल्या.

"ती गाते चांगलीच," बाई म्हणायच्या. यात आडपडदा नव्हता. रेडिओवर मैत्रीण लागली की बाई आवाज एवढा मोठा करायच्या की गल्लीतल्या लोकांनी खिडकीतून डोकावावं. मान एका बाजूला कलती करून अगदी तल्लीन होऊन ऐकायच्या. गाणं संपलं की रेडिओ बंद करत म्हणायच्या, "तिची लाईट नाई गेली न."

लाईट जाणं हा बाईंचा सगळ्या जगाचा हिशेब होता. काकूंचा मुलगा मॅट्रिकला नापास झाला, त्याची लाईट गेली. माझी बढती हुकली, माझी गेली. जगात दोनच जातीची माणसं, लाईट गेलेली आणि न गेलेली, आणि कोणाची जाईल हे सांगता येत नाही. म्हणून अंधारात गाता आलं पाहिजे. हे ऐकताना इतकं सरळ वाटायचं की मी बरीच वर्षं त्यावर विश्वास ठेवून राहिलो. अजूनही अर्धा आहेच.

पण हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाई बाहेर कुठंही गायच्या नाहीत. गणपतीत मंडळाची पोरं बोलवायला यायची, शाळेच्या मोठ्या बाई विनवायच्या, रेडिओ केंद्रावर आवाजाची परीक्षा द्या म्हणून मास्तर तर कायम मागे लागलेले. बाईंचं उत्तर ठरलेलं. "अजून तयारी नाई झाली." मग एखादं नवं विघ्न शोधलं जायचं. वादळ आलं तर? आलं तर काय, गुरुवारी पत्रे वाजवले जायचे. नाकावर माशी बसली तर? तिचीही सोय झाली, ती कशी केली ते सांगत नाही. एक झालं की दुसरं निघायचं.

"बाईंचं गाणं कधीचं तयार आहे गा," मास्तर एकदा चहाच्या टपरीवर मला म्हणाले. "त्याईची विघ्नंच तयार होऊन नाई राहिली."

"मास्तर, बाईंले भीती वाटते का?"

मास्तरांनी बशीतला चहा फुंकला. "बिघडाची भीती त्याईले नाई. त्यात त्या पक्क्या आहे. मले वाटते, न बिघडाची असन."

मला तेव्हा ते मास्तरांचं उगाच तिरपं बोलणं वाटलं.

आणि मग मैत्रीण नागपूरला आली. तिचा कार्यक्रम होता, मोठ्या सभागृहात. बाईंनी माझं आणि स्वतःचं अशी दोन तिकिटं काढली आणि आम्ही मागे, खांबाच्या कडेला बसलो. पुढे जागा असतानाही बाई पुढे गेल्या नाहीत. मैत्रीण आली. गोरी, ठेंगणी, हसरी बाई. बसली, शालीचं टोक नीट केलं आणि गायला लागली. मी एव्हाना थोडंफार ऐकायला शिकलो होतो. ती गात होती तेव्हा मला सभागृहाचं छप्पर वर गेल्यासारखं वाटत होतं.

विलंबित ख्याल अर्ध्यावर आला असताना माइकनं एक किंकाळी फोडली आणि तो बंद पडला. लोक कुजबुजले. कोणी वायरमन धावला. बाईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. मला कळलं की त्या अनेक वर्षं ज्या क्षणाची तालीम करत होत्या तो समोर घडत होता, फक्त दुसऱ्याच्या वाट्याला.

मैत्रिणीनं माइक हाताच्या मागच्या बाजूनं बाजूला सारला, जेवताना आड आलेला पेला सारावा तसा, आणि गात राहिली. तिनं आवाजही वाढवला नाही. सभागृह पुढे वाकलं. माइक सुरू झाला तेव्हा कोणाला तो हवासा वाटला नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाई मला घेऊन आत गेल्या. हारतुरे, गर्दी, अत्तराचा वास. मैत्रिणीनं वळून पाहिलं.

"ओळखलं का वं मले?" बाईंनी विचारलं.

"अगं, तू," ती म्हणाली आणि तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. तिचं बोलणं आता मुंबईकडचं झालं होतं. "किती वर्षांनी गं. कशी आहेस?"

"माइक बंद पडला तर तू थांबली नाई."

"कुठे ना कुठे काहीतरी होतंच. आता सवय झाली."

"तेव्हा लाईट गेली होती न," बाई म्हणाल्या. "आपल्या त्या जलशात. मी गाऊन राहिली होती तेव्हा."

मैत्रीण आठवत राहिली. अगदी मनापासून आठवत होती, हे मी पाहत होतो. "लाईट गेली होती का?" ती म्हणाली. "मला नाही गं आठवत. गेली असेल. तू पांढरी साडी नेसली होतीस, एवढं डोळ्यांसमोर आहे. आणि छान गायली होतीस."

मग कोणीतरी हार घेऊन मध्ये आलं आणि आम्ही बाहेर पडलो.

सायकलरिक्षा शंकरनगरच्या वळणावर आली तेव्हा बाई म्हणाल्या, "तिले आठवत नाई." घराशी उतरल्यावर, किल्ली शोधता शोधता, पुन्हा म्हणाल्या, "जिचं भलं झालं तिलेच आठवत नाई. मंग मीच काहून एवढं धरून राहिली गा?" किल्ली सापडल्यावर मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि कुलूप उघडलं. त्या वेळी मला त्यांचं फार वाईट वाटलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही सगळे जमलो तर बाई म्हणाल्या, "मी रेडिओच्या परीक्षेले बसून राहिली." मास्तरांच्या हातातून तबला लावायची हातोडी पडली. "लाईट गेली नसती तर काय झालं असतं, हे मले एकदा पाहाचं आहे," बाई म्हणाल्या. "एकदाच. मंग काही का होईना."

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मास्तरांचं टपरीवरचं बोलणं मला उमगलं. गाताना काही बिघडलं आणि गाणं पडलं, तर दोष लाईटचा. पण काहीच बिघडलं नाही आणि गाणं साधंच निघालं, तर दोष कोणाला द्यायचा? बाईंच्या सगळ्या आयुष्याची टेकण काढून घेतली जाणार होती. त्या हे जाणूनच निघाल्या होत्या. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांनी जाऊ नये असंही वाटलं.

तानपुऱ्यावर साथीला बाईंनी मला घेतलं. मी हबकलो. "बाई, मले सूर कळत नाही."

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या. "पोरीले बसवलं तर ते मनात माह्याबरोबर गाते. मले माह्या मागे कोणी नको. तुले चार तारा छेडाच्या आहे, बस. त्यात डोकं नको लावू."

मी रोज संध्याकाळी चार तारा छेडायला लागलो. कचेरीत फायलींवरही माझी बोटं चालायची.

परीक्षेचा दिवस मे महिन्यातला, दुपारचा. त्या दिवशी आमच्यावर जे ओढवलं ते कोणत्याच गुरुवारी आम्ही गिरवलेलं नव्हतं. सगळं सुरळीत व्हायला लागलं. बाईंनी सायकलरिक्षा वेळेच्या कितीतरी आधीची सांगितली होती, उशीर होणार म्हणून. ती आधीच येऊन सावलीत उभी होती. ऊन असं होतं की डांबर चपलेला धरत होतं, पण रस्ता मोकळा आणि रिक्षावाला दमदार. तानपुऱ्याचा भोपळा कुठं आपटला नाही. बाईंनी धुळीसाठी ओला पंचा घेतला होता, तर वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. रेडिओ केंद्राच्या फाटकात मास्तर आमच्या आधी येऊन थांबलेले, इस्त्रीचा सदरा घालून.

बाईंनी रिक्षातूनच विचारलं, "मास्तर, तुम्ही वेळेवर काहून आले?"

"तुम्हीच तर सांगितलं न बाई."

"सांगतो तर मी दरवेळी."

पहारेकऱ्यानं अडवायला हवं होतं, त्यानं नमस्कार करून दार उघडलं. ज्या साहेबांना भेटायचं होतं ते जागेवर होते आणि हसतमुख होते. माठातलं पाणी गार होतं. बाईंचा चेहरा उतरत चालला. "बाप्पा," त्या मला हळूच म्हणाल्या, "आज काही चुकूनच नाई राहिलं." मी तानपुऱ्याकडे आशेनं पाहिलं. तो उन्हातून आला होता, आता गारव्यात जाणार होता, निदान तो तरी उतरायला हवा होता. बाईंनी आत गेल्यावर तार छेडून पाहिली. तो लागलेला होता.

स्टुडिओचं दार जाड होतं, गादीसारखं. ते लागलं आणि नागपूर बंद झालं. ऊन नाही, कूलर नाही, कडुनिंबातले कावळे नाहीत. भिंतींना बारीक बारीक भोकं होती आणि मला वाटलं आवाज त्यांतून पिऊन टाकले जात आहेत. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझी लाळ गिळलेली मला ऐकू आली. काचेपलीकडे एक तरुण इंजिनिअर होता. त्यानं बोट वर केलं आणि लाल दिवा लागला.

मी तारा छेडायला सुरुवात केली. मास्तर तबल्यावर हात ठेवून बसले. बाई सुरू होईनात.

तानपुरा त्या गार खोलीत एकटाच फिरत राहिला. मी डोकं लावायचं नाही असं ठरवलेलं, तरी मान वळवलीच. बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांची डावी भुवई हळूहळू वर गेली.

माझ्या घशात खोकला तयार होता. कोरडा, माझा सगळ्यात चांगला. तो आला असता तर दिवा विझला असता, इंजिनिअरनं पुन्हा सुरू करा म्हटलं असतं, आणि बाई त्या बिघाडावर पाय रोवून अशा गायल्या असत्या की काच हलली असती. आणि मग पुढची सगळी वर्षं म्हणायला झालं असतं, तो खोकला नसता तर. मला ते नको होतं. या बाईंना एकदा, निदान एकदा, काहीही न बिघडता गायला मिळावं असं मला फार वाटलं. मी तारा छेडत राहिलो आणि खोकलो नाही.

बाईंनी भुवई खाली घेतली. डोळे मिटले. आणि षड्ज लावला.

गुरुवारी बाईंचं गाणं शिंगं रोखून यायचं. इथं रोखायला समोर कोणी नव्हतं. मी ऐकलेलं ते त्यांचं सगळ्यात मोठं गाणं नव्हतं, हे सांगायला हवं. पण भरदुपारी, कोणी घरी नसताना, एखादी बाई आपल्याच घरात अनवाणी हिंडते, हे सरळ करते, ते पुसून ठेवते, तसा त्यांचा भीमपलास हिंडत होता. एक तान घसरली. बाईंनी ती घसरू दिली आणि पुढे गेल्या. कुठंही घाई नव्हती. मास्तरांनी एकही मात्रा खाल्ली नाही. मला झोपेत ऐकल्यासारखं वाटत होतं, भिंतीपलीकडून, रविवारी, पण या वेळी मी जागा होतो आणि मध्ये भिंत नव्हती.

लाल दिवा विझला.

निकाल पुढे बऱ्याच महिन्यांनी आला. बाई पास झाल्या होत्या, सगळ्यात खालच्या श्रेणीत. अधूनमधून सकाळी त्यांना गायला बोलवायचे आणि त्या जायच्या. गुरुवार बंद झाले होते. मला बदली मिळाली आणि मी ते घर सोडलं. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण मला तिथं थांबायचं नाही. मला त्या दुपारी परत जायचं आहे.

आम्ही निघायच्या बेतात होतो. इंजिनिअर बाहेर आला. "बाई, टेप बरोबर उतरला की नाही ते मला लावून पाहायचंच आहे," तो म्हणाला. "ऐकता का?"

बाईंनी स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता. तेव्हा कोणाकडे असायचं ते यंत्र? आम्ही त्याच्या छोट्या खोलीत दाटीनं उभे राहिलो. चकत्या फिरायला लागल्या. आधी माझा तानपुरा आला, मग लांबलचक काहीच नाही, ते मला फार लांब वाटलं, आणि मग षड्ज.

बाई दचकल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. थोड्या वेळानं त्यांची मान एका बाजूला कलली, रेडिओवर मैत्रीण लागली की कलायची तशी. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो आणि मास्तर जमिनीकडे. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की या बाई आपलं सगळं आयुष्य काय होतं ते आत्ता ऐकत आहेत, आणि आम्हाला त्यांना काही मदत करता येणार नाही. घसरलेली तान आली तेव्हा त्या किंचित हसल्या. शेवटचा सूर आला, विरला, आणि चकत्या नुसत्याच फिरत राहिल्या.

"छान उतरलंय," इंजिनिअर म्हणाला आणि बटण दाबलं.

बाई बसूनच होत्या. "बाई," मी म्हटलं, "निघायचं का?"

"हिचं काही नाव झालं नसतं गा," बाई म्हणाल्या. त्या टेपकडेच पाहत होत्या. "लाईट राह्यली असती तरी."

त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. त्या गार खोलीत त्यांना घाम आला होता.

"पण हिचं गाणं कुठी असतं न," त्या म्हणाल्या, "तर मी ऐकाले गेली असती."